काकांची पाठ

आमचे गाव बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात. घरात मराठी, बाजारात कन्नड, असा आमचा सीमेवरचा संसार. तीन वर्षांपूर्वी तुरीच्या राशी चालू असताना काकांची पाठ दुखू लागली. पोती उचलून उसण भरली असावी, असे सर्वांनी ठरविले. आजीने तेल चोळले, काकूंनी विटेचा शेक दिला, आणि रात्री आम्ही भावंडे आळीपाळीने त्यांची पाठ तुडवू लागलो. आम्हांला तो खेळच वाटे.

दोन महिने लोटले. विश्रांतीने दुखणे कमी व्हावे, तर ते रात्री अधिकच वाढे. सायंकाळी अंगात कणकण असे, ताटात भाकरी उरे, सदरा सैल पडू लागला. एके दिवशी घागर नेताना काकांचे पाय लटपटले. तेव्हा कोठे आम्ही बिदरच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरली.

तेथील डॉक्टरबाईंनी प्रथम प्रश्नच विचारले. खोकला होता काय? मधुमेह आहे काय? अंगावर गळू झाले होते काय? शेळीचे कच्चे दूध पिता काय? पाठीचा आणि दुधाचा संबंध काय, म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले : मणक्यात शिरणारे जंतू बहुधा रक्तातून येतात. क्षयाचे जंतू फुप्फुसातून तेथे जाऊन बसतात. खोकला असेलच असे नाही. गळवातील जंतू रक्तात उतरले तर मणक्यात पू होतो. मधुमेही माणसाला हा धोका अधिक. ब्रुसेला नावाचे जंतू जनावरांच्या कच्च्या दुधातून, किंवा व्यालेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढताना अंगात येतात. तिन्हींत पाठ दुखते व ताप येऊ शकतो. औषधे मात्र निरनिराळी. म्हणून आधी जंतू ओळखावयाचा.

रक्त तपासले, क्ष-किरण चित्र काढले. आरंभी असे चित्र निर्दोषही दिसू शकते. हाड बरेच झिजल्यावरच त्यात दोष उमटतो. म्हणून एम. आर. आय. साठी कलबुर्गीला गेलो. त्यात शेजारचे दोन मणके आणि त्यांमधील चकती पोखरलेली दिसली. बाजूला पू साठून मज्जारज्जूवर दाब पडत होता. मग सुईने तेथील कण काढून तपासले. जंतू क्षयाचेच निघाले. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी या रोगाचे वर्णन १७७९ साली केले. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ साली दाखविला. एके काळी अनेकांना कायमचे कुबड देणारा हा रोग आज औषधांनी बरा होतो.

परतताना आमच्या मनात एकच विचार होता. पुढच्या खेपेस भीत भीत विचारले, "बाई, आम्ही पाठ तुडविली म्हणून तर असे झाले नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही, बाळांनो, रोग जंतूंनी केला. पण पोखरलेल्या मणक्यावर भार देणे धोक्याचे असते. आणि तुमचे दोन महिने गेले, ते तर परत येत नाहीत." काका मात्र आमच्याच पाठीवर हात फिरवीत राहिले.

क्षयाची औषधे सरकारकडून मोफत मिळाली. काकांनी ती वर्षभर एकही दिवस न चुकविता घेतली. गोळ्यांची आठवण देण्याचे काम आम्हा भावंडांकडे होते. आज ते शेतात जातात. पाठीला थोडा बाक राहिला आहे, आणि पोती आता दुसरे उचलतात.

हे येथे लिहिण्याचे प्रयोजन एवढेच की, उसण प्रत्येक घरात भरते आणि बहुधा चार दिवसांत उतरते. परंतु जी पाठ आठवडे लोटले तरी दुखते, रात्री झोपू देत नाही, जिच्यासोबत ताप येतो वा वजन घटते, तिला तेल चोळीत बसू नये. आणि पायांत बळ कमी वाटले, तर एक दिवसही थांबू नये. आमच्या घरी दूध आता उकळूनच घेतात, आणि पाठ तुडविण्याचा खेळ आम्ही कायमचा सोडला आहे.