फिलाडेल्फियातील पहिली थंडी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात, गिरणेच्या खोऱ्यात कळवण हे आमचे तालुक्याचे गाव आहे. सप्तशृंगीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंपैकी पुष्कळांस ते ठाऊक नसते; गड याच तालुक्यात आहे असे सांगितले म्हणजे मात्र ओळख पटते. आगगाडी येथवर आली नाही. बाहेरच्या जगाशी आमचा व्यवहार मुख्यत्वे एस.टी.च्या मोटारीने चालतो. कांद्याच्या दिवसांत बाजार समितीपुढे लागलेली ट्रॅक्टरांची रांग, बाजारच्या दिवशी कानी पडणारी अहिराणी, पश्चिमेच्या डोंगरांतून नागली घेऊन उतरणारे कोकणा बांधव आणि पौषातील पहाटे ओट्यांपुढे पेटणाऱ्या शेकोट्या, असे आमच्या गावचे रूप आहे. अशा गावच्या एकत्र कुटुंबातील मुलगी परदेशी विद्यार्जनास निघाली म्हणजे तिच्यासवे काय काय निघते आणि तेथे पोचल्यावर त्यातले काय उपयोगी पडते, हे आम्हांस चार महिने जवळून पाहावयास मिळाले. घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे ते ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या पुतण्याच्या मुलीस फिलाडेल्फिया येथील एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या अभ्यासाकरिता प्रवेश मिळाला. तिच्या वडिलांस रजा नव्हती, आईस घरच्या आजारपणामुळे हलता येत नव्हते. तेव्हा तिला पोचवून, चार दिवस तिचे बस्तान बसवून येण्याची कामगिरी आम्हां सेवानिवृत्तावर आली. आमचा एक जुना विद्यार्थी फिलाडेल्फियासमोर, डेलावेअर नदीपलीकडे, न्यू जर्सी प्रांतात राहतो. त्याने आग्रहपूर्वक बोलाविल्यामुळे चार दिवसांचे चार महिने झाले.

विमानात तेवीस किलोच्या दोन पेट्या नेता येतात. त्या दोन पेट्यांवरून आमच्या घरात जी सभा भरली, तिचे वर्णन करू लागलो तर लेख तेथेच संपावयाचा. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, लहान कुकर, नागलीचे पीठ, गडावरचे कुंकू, सर्व काही गेले. परंतु सर्वांत जड वस्तू पेटीबाहेरच होती. आमच्या वहिनींनी, म्हणजे मुलीच्या आजींनी, तिजकडून तीन वचने घेतली: अभक्ष्य भक्षण करावयाचे नाही, परक्याचे उष्टेखरकटे चालवून घ्यावयाचे नाही, आणि रोज स्नान करूनच स्वयंपाकास हात लावावयाचा. मुलीने तिन्ही वचने हसतमुखाने दिली. ती ते सारे अक्षरशः पाळील, असे घरात बहुधा कोणासही वाटले नसावे.

प्रवासासंबंधी लिहिण्यासारखे थोडेच आहे. मुंबईस रात्री विमानात बसलो आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत उतरलो. इ. स. १८८३ च्या ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून बोटीत बसलेल्या आनंदीबाई जोशी ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोचल्या होत्या. त्यांस अठ्ठावन्न दिवस लागले. एवढ्या अवधीत मनास नव्या मुलुखाची थोडी तरी तयारी करता येत असेल. आमच्या नातीस ती सवड मिळाली नाही.

आनंदीबाईंचे नाव येथे ओघाने आले असे नव्हे. फिलाडेल्फियात पाऊल ठेवणाऱ्या मराठी मुलीच्या वाटेवर त्या पुढे उभ्याच असतात. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या, नवव्या वर्षी विवाह झालेल्या, चौदाव्या वर्षी मातृत्व लाभून दहा दिवसांत मूल गमावलेल्या या बाईने याच नगरीतील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली. १८५० साली स्थापन झालेले ते महाविद्यालय कालांतराने दुसऱ्या संस्थांत विलीन झाले आणि आज तो वारसा तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. हे शाळेत आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. त्या नगरीतली थंडी कशी असते, हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते.

नगर मोठे नेटके आहे. एका अंगास डेलावेअर व दुसऱ्या अंगास स्कूलकिल या नद्यांमध्ये जुने शहर वसले असून रस्ते पटावरील रेघांप्रमाणे सरळ आहेत. नगरभवनाच्या शिखरावर शहराचा संस्थापक विल्यम पेन याचा पुतळा उभा आहे. जुन्या वस्तीत एकमेकांस खेटून उभी असलेली लाल विटांची अरुंद घरे मैलोगणती दिसतात. तसल्याच एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर नातीने आणखी दोघी विद्यार्थिनींसह बिऱ्हाड केले. एक आंध्रातील, दुसरी कोरियातील. वर्षाचा करार, आगाऊ अनामत, विजेचे बिल निराळे. कपडे धुवावयास कोपऱ्यावरच्या दुकानात जावयाचे आणि यंत्रात नाणी टाकून बाकावर पुस्तक वाचीत बसावयाचे. पहिल्या पंधरवड्यात एवढे अंगवळणी पडले.

स्वयंपाकघराचे प्रकरण निराळे. छतास धूर ओळखणारे एक यंत्र बसविलेले असते. पहिल्याच दिवशी आमटीस हिंग-मोहरीची फोडणी पडताच त्याने असा काही आक्रोश मांडला की खालच्या मजल्यावरील गृहस्थ पायजम्यानिशी रस्त्यावर आला. कोरियाच्या मुलीने स्टुलावर चढून यंत्रास पंखा घातला. पुढे असा रिवाज पडला की फोडणी द्यावयाची झाल्यास आधी खिडकी उघडावयाची आणि एकीने यंत्राखाली टॉवेल हलवीत उभे राहावयाचे. ऑक्टोबरात याची मौज वाटली. नोव्हेंबर उजाडल्यावर उघड्या खिडकीतून जो वारा येऊ लागला, त्याने मौज राहिली नाही.

धूर आणि थंडी यांच्या या पेचाने आनंदीबाईंची आठवण फार तीव्र झाली. त्यांना महाविद्यालयाची तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांचे त्यांच्यावर लक्ष होते. असे असूनही पहिल्या हिवाळ्यात जे बिऱ्हाड वाट्यास आले, त्यातील शेगडी धड नव्हती. पेटवावी तर खोली धुराने कोंदावी, न पेटवावी तर अंग गारठावे. त्यात शाकाहाराचे व्रत, स्वतः रांधण्याचा परिपाठ, जोडीस अभ्यासाचा डोंगर. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केले होते. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधते म्हणून गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसण्याची सोय त्यांनी शोधली, तर त्या पोषाखाचाही खुलासा घरी करावा लागला. गोपाळरावांनी त्यांस शिकविले, परदेशी धाडिले, हे त्यांचे उपकार निर्विवाद आहेत. तथापि त्यांच्या पत्रांत उत्तेजनाबरोबर टोचणीही असे. कफ, ताप, अशक्तता यांनी आनंदीबाईंना तेथेच धरले. पदवी घेऊन त्या परतल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. पण काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. वय बावीस वर्षेही पुरे नव्हते.

नोव्हेंबराच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही नातीस भेटावयास गेलो, तो तिला खोकल्याची उबळ थांबवेना. घरी दूरध्वनीवर बोलताना ती खोकला दाबीत असे, हे त्या आंध्रच्या मुलीकडून कळले. खोदून विचारता दोन गोष्टी बाहेर आल्या. पहाटे पाचास उठून, डोक्यावरून स्नान करून, मग स्वयंपाक, आणि तशाच ओल्या केसांनी आठाच्या वर्गास, असा तिचा क्रम दोन महिने चालला होता. बाहेर पारा शून्याजवळ. शिवाय घर उबदार ठेवणारे वाफेचे नळ चार दिवस थंड पडले होते. घरमालकास तिने एकदा सौम्य शब्दांत विनविले. "बघतो" असे उत्तर आले. तेवढ्यावर ती स्वस्थ राहिली.

"आजोबा, परक्या ठिकाणी आपण तक्रार कशी करावी? भाडेकरू म्हणून नाव खराब व्हायचे," ती म्हणाली.

आमच्या घरच्या वळणाचेच हे बोलणे होते. मोठ्यांपुढे बोलू नये, असेल त्यात भागवावे, ही शिकवण आम्हीच दिलेली आणि ती चांगलीही आहे. परंतु हिवाळ्यात भाड्याच्या खोलीत तिचा उपयोग होत नाही. आमच्या विद्यार्थ्याने माहिती दिली की फिलाडेल्फियाच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर ते ३० एप्रिलपर्यंत घरमालकाने घर किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस, इतके उबदार ठेवले पाहिजे. न ठेविल्यास नगरपालिकेकडे ३११ या क्रमांकावर गाऱ्हाणे नेता येते. आम्ही नातीस समोर बसवून घरमालकास पत्र लिहावयास लाविले. तारीख, वार, कोणत्या खोलीत किती अंश, नियम कोणता, सर्व काही. इंग्रजी तिचे, मांडणी आमची. चाळीस वर्षे मुलांकडून अर्ज लिहून घेतले, त्याचे सार्थक त्या दिवशी झाले म्हणावयाचे! दुसऱ्याच दिवशी दुपारी कारागीर आला आणि नळ तापू लागले. आनंदीबाईंच्या काळी असा क्रमांक नव्हता, आणि संकोच मात्र हाच होता.

राहिला प्रश्न ओल्या केसांचा. त्याची किल्ली कळवणास होती. रात्री आम्ही वहिनींस दूरध्वनी लावला. तिकडे सकाळ होती. सर्व सांगितले. देशकाल पाहून आचार बदलावा हे शास्त्रास मान्य आहे, आपद्धर्म हा धर्मच आहे, इत्यादी बरीच प्रस्तावना आम्ही तयार ठेविली होती. ती ऐकून न घेताच वहिनी कडाडल्या, "भावजी, डोकं ओलं ठेवून बर्फात हिंड असं मी केव्हा सांगितलं? तिला म्हणावं, रात्री गरम पाण्यानं अंघोळ कर आणि सकाळी हातपाय धुऊन चहा घे. आणि तिथलं दूध, लोणी, मिळेल ते खा म्हणावं." क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "अंड्यानं खोकला जातो का हो?" त्यावर काय बोलावे हे आम्हांस सुचेना. नातीने अंडे खाल्ले की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.

ही परवानगी तिला विमानतळावरच मिळाली असती तर दोन महिन्यांचा खोकला टळता, असे आमचे स्पष्ट मत आहे. वचने घेणाऱ्यास ती सहज घेता येतात. पाळणारी एकटी असते आणि ज्यांना विचारावयाचे ती माणसे आठ हजार मैलांवर.

बिऱ्हाड आणि अन्न यांची ही अडचण केवळ आमच्या सोवळ्याची नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा पहिल्या वसतिगृहातील अन्न न मानवून त्यांनी लवकरच जागा बदलली. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासह राहू लागल्यावर त्यांचा जम बसला. तो स्नेह जन्मभर टिकला. पुढे १९२० नंतर लंडनच्या भाड्याच्या खोलीत त्यांची खाण्याची ओढगस्त होती. रात्री भूक अनावर झाली म्हणजे देशाकडचे पापड भाजून त्यांवर ते वेळ मारून नेत, असे त्यांच्या चरित्रात आहे. आमच्या घरच्या पेटीतून पापड वजनापायी काढून टाकले होते. डिसेंबरात ते टपालाने मागविले.

आनंदीबाईंच्या बाबतीत एक मोठे सुदैव होते. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याच्या दारी वाट पाहत असता एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले, आणि कधी न पाहिलेल्या हिंदू मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. अमेरिकेतील पहिला उन्हाळा त्यांनी त्याच घरी काढिला. मौज अशी की ज्या १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई रोझेलला उतरल्या, त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा नेऊन ते गाव विजेच्या दिव्यांनी उजळले होते. विजेच्या दिव्यांचे गाव पाहिलेली ती मुलगी चारच महिन्यांनी फिलाडेल्फियात धुरकट शेगडीपुढे बसली.

फिलाडेल्फियातील त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८८५ च्या ऑक्टोबरातले. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लांबुली आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशीच्या पोषाखात. नातीने ते आपल्या खोलीत लावले आहे. तिच्या सोबतिणींनी ते पाहून तसेच तिघींचे छायाचित्र काढविले. कोरियाच्या मुलीने मात्र हट्टाने नऊवारी नेसून घेतली.

परतण्यापूर्वी एका रविवारी आम्ही दोघे पोकीप्सीला गेलो. आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या आणि त्यांनी त्या तेथील स्मशानभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या. न्यूयॉर्कहून निघालेली आगगाडी सुमारे दोन तास हडसन नदीच्या काठाकाठाने जाते. पाण्यावर काठालगत बर्फाचे पापुद्रे धरले होते. दगड साधा आहे. नातीने हातमोजा काढून अक्षरांवरचे बर्फ पुसले, गडावरचे कुंकू वाहिले आणि साल वाचून बोटांवर हिशेब केला. "पदवी मिळाल्यावर वर्षसुद्धा नाही," ती म्हणाली. मग तिने मफलर कानांवरून घट्ट ओढून घेतला. सोमवारी तिची परीक्षा होती. परतीच्या गाडीत तिने वही काढली आणि आम्ही खिडकीशी बसून नदी पाहत राहिलो.