एअर घेणारं इंजिन

टू-स्ट्रोक गाडीची रेस सोडली तरी इंजिन वरच्या आवाजात रेंगाळत राहिलं, की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. मी आधी चोक ओढतो. अर्ध्या चोकवर रेस खाली आली आणि आवाज भरीव झाला, की एवढं पक्कं कळतं की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आता पेट्रोल कमी येतंय की हवा जास्त शिरतेय, हे ठरवायचं राहतं. या कामातली सगळी अक्कल तिथेच लागते.

कोल्हापुरात माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत आरएक्स-१०० सर्वांत जास्त. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, हलकी आणि तिखट गाडी. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती आपल्याकडे बनली, म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीही आता पंचविशीच्या पुढे गेलेली. मालक मात्र बरेचदा गाडीपेक्षा लहान. ‘‘मामा, रेस आपोआप वाढतीया. कार्बोरेटर तेवढा साफ करून द्या,’’ असं सांगत येतात. टाकी रंगवलेली, क्रोम चकचकीत, सायलेन्सर नवा. पण क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील्स कधी बदलली, हे कुणालाच ठाऊक नसतं.

फोर-स्ट्रोकमध्ये हे सील गळलं तर खाली तेलाचा डाग पडतो, एवढंच. टू-स्ट्रोकचं तसं नाही. जोसेफ डे या इंग्रज इंजिनिअरने १८९१ साली पेटंट घेतलेल्या रचनेत पिस्टनखालची क्रँकची पेटी हीच सायकलच्या पंपासारखी वापरली. पिस्टन वर गेला की पेटीत ओढ तयार होते आणि हवा-पेट्रोल आत येतं. खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन पोर्टमधून पिस्टनच्या वर जातं. ७५०० आरपीएमला हे सेकंदाला १२५ वेळा घडतं. म्हणजे क्रँकची सील्स ही कार्बोरेटरइतकीच पेट्रोलच्या व्यवस्थेचा भाग आहेत. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक होऊन चिरलं, की प्रत्येक ओढीला तिथून कोरडी हवा आत येते. तिने ना जेट पाहिलेला असतो, ना एअर फिल्टर. कार्बोरेटरने कितीही बरोबर माप घातलं तरी उपयोग नसतो.

ही गळती स्लोला सगळ्यात जास्त जाणवते, याचं कारण सरळ आहे. फुल रेसला कार्बोरेटरमधून एवढी हवा जात असते की चिरेतून आलेली चिमूटभर हवा त्यात हरवून जाते. रेस बंद केली की तीच चिमूट मोठा वाटा होते. म्हणून रेस वर चढते, धरून राहते, गाडी तापली की आणखी बिघडते, आणि एअर स्क्रू कितीही फिरवा, तो जुमानत नाही. पेट्रोलच कमी येत असेल तर लक्षणं वेगळी. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर गाडी थोडं अंतर नीट पळते, मग दम तोडते आणि झाकण उघडलं की लगेच जिवंत होते. स्लो जेट चोंदला असेल तर ती वर रेंगाळण्याऐवजी सहसा बंद पडते.

शंका पक्की करायला मी ब्लडप्रेशरच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि घड्याळ वापरतो. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढायचे. एक्झॉस्टवर ट्यूबचा तुकडा आणि पट्टी कसायची. मॅनिफोल्डच्या रबरात बूच बसवायचं, त्यातूनच फुग्याची नळी आत जाते. प्लग जागेवर ठेवायचा आणि पिस्टन तळाला आणायचा, म्हणजे पोर्ट उघडे राहून पेटी आणि सिलिंडर एक होतात. मग घड्याळाचा काटा ३०० पर्यंत न्यायचा. हा दाब साधारण ६ पीएसआय भरतो. आणि थांबायचं. निरोगी इंजिनचा काटा जवळजवळ हलत नाही. आजारी इंजिनचा डोळ्यांदेखत उतरतो. शाम्पूचं पाणी ब्रशने हेडला, ब्लॉकच्या पॅकिंगला, रीड व्हॉल्व्हच्या सांध्याला लावत जायचं. मॅग्नेटच्या चाकामागून बारीक फेस फुलून यायला लागला, की निदान झालं. क्लचच्या बाजूची हवा गिअरबॉक्समध्ये जाते, बाहेर दिसत नाही. म्हणून गिअर ऑइलचं झाकण काढून त्या भोकावर फेसाचा पडदा धरायचा. तो फुगला तर क्लचच्या बाजूचं सील गेलं. त्या बाजूने चालू इंजिन गिअर ऑइलही ओढतं, म्हणून पांढरा धूर थांबत नाही.

एवढं करूनही कधी कधी काटा स्थिर राहतो आणि गाडी तरीही एअर घेते. सीलचा ओठ आतल्या बाजूला असतो. आतून दाब दिला की तो दांड्याला चिकटतो, ओढ दिली की उचलला जातो. त्यामुळे ओढीची परीक्षाही घ्यावी लागते. बहुतेक गॅरेजांत हे होत नाही, आणि तिथेच खरं निदान हुकतं.

त्याऐवजी जे होतं त्याचा मला मनापासून राग आहे. मोठा जेट घालून रेस दाबून टाकतात. दोन आठवडे गाडी बरी वाटते, पण गळती तशीच असते, मग हायवेवर पिस्टन सीझ. टूटी ऑइल जास्त ओतलं की धोका टळतो, ही समजूत तर आणखी घातक. ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्या गाडीत ऑइल वाढलं की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबातलं पेट्रोल तेवढं घटतं, म्हणजे मिश्रण आणखी लीन होतं, हवेच्या मानाने पेट्रोल अजून कमी पडतं.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर आलं आणि आमच्या भागातल्या उसालाही त्यात वाटा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. जुना जेट तसाच ठेवला तर प्रत्येक रेसला मिश्रण थोडं लीन राहणारच. तिथे जेट एका नंबरने वाढवणं रास्त आहे. मात्र इथेनॉलमुळे आलेला लीनपणा सगळ्या रेसला सारखा असतो, गळतीचा लहरी असतो. आधी दाबाची परीक्षा, मग जेट, हा क्रम मी कुणासाठी मोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. सील बदलायची तर दोन्ही बदलायची. एक गेलं तर दुसऱ्याचंही वय तेवढंच असतं.

आणि गाडीवाल्यांना एक विनंती. रेस सोडूनही इंजिन चढत गेलं आणि चावी फिरवूनही थांबलं नाही, तर घाबरू नका. टॉप गिअर टाका, दोन्ही ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा. इंजिन बंद पडेल. मग पेट्रोलचा कॉक बंद करा आणि पुन्हा किक मारू नका. गॅरेज दोनच किलोमीटरवर असलं तरी गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा. टेम्पोचं भाडं पिस्टन, रिंग आणि बोअरिंगच्या खर्चापुढे काहीच नाही.