आवाजाचा ठावठिकाणा

सरकारी नोकराच्या संसारातील वस्तूंचे दोनच वर्ग असतात: बदलीबरोबर जाणाऱ्या आणि बदलीच्या आधी विकावयाच्या. आमची शर्यतीची सायकल (तरुण मंडळी हिला 'रोड बाइक' म्हणतात) तीन बदल्यांपर्यंत पहिल्या वर्गात होती. परंतु देहरादूनहून हलण्याची आज्ञा हाती पडली तेव्हा आमच्या गुडघ्यांनी आमच्या आधीच निवृत्ती पत्करलेली होती. सातारकडचा एक तरुण अधिकारी नुकताच येथे रुजू झाला होता. त्याने सायकल मागितली, किंमतही ठरली. अडचण एवढीच, की अलीकडे ती चढावर बोलू लागली होती.

देहरादून समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटरवर आणि मसुरी सुमारे २,००० मीटरवर. राजपूर मागे पडून खरा चढ लागला, की पायाखालून कोठून तरी 'टक्, टक्' असा कोरडा आवाज येई. सपाटीवर पूर्ण मौन. साधी धूळही टकटक करते आणि तडा गेलेला क्रँकही टकटकच करतो. नुसत्या कानाला त्यांतला भेद उमगत नाही. ज्या मुलाला ह्याच सायकलीवरून मसुरीची वळणे भरधाव उतरावयाची आहेत, त्याच्या हाती कारण न कळलेला आवाज सोपविणे आम्हांस प्रशस्त वाटेना.

शहरातील एका मोठ्या दुकानात गेलो. तेथील गृहस्थांनी सायकलीवर न बसताच निकाल दिला: पायडलांचा आस ज्या बेअरिंगांवर फिरतो तो 'बॉटम ब्रॅकेट' बदला. आवाज पायाखालून येतो, म्हणून दोषही पायाखालीच! फाइल अडली की जवळच्या टेबलावरील कारकुनाकडे प्रथम पाहावे, त्यातलाच हा न्याय. वस्तुतः सायकलीचा सांगाडा म्हणजे पोकळ नळ्यांची बांधणी. एका टोकाला झालेला आवाज तिच्यातून वाहत जातो आणि भलतीकडूनच आल्यासारखा भासतो. तेव्हा आवाज 'कोठून' येतो हे विचारण्यापेक्षा तो 'केव्हा' येतो, हे विचारणे बरे.

देहरादून हे सर्वेक्षणाचे गाव. १८३० ते १८४३ ह्या काळात भारताचे महासर्वेक्षक असलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांचे घर मसुरीजवळ हाथीपाव येथे आजही दाखवितात. शिखरावर पाऊल न ठेवता, दुरून कोन मोजून त्याची उंची काढणाऱ्या ह्या विभागाच्या गावात राहून आम्ही एका टकटकीपुढे हात टेकावेत, हे शोभले नसते.

पुढच्या रविवारी चढावर निघालो. सीटवरून उठून उभ्याने पायडल मारले, आवाज तसाच. म्हणजे सीट व तिचा दांडा निर्दोष. पाय थांबवून सायकल तशीच घरंगळू दिली, आवाज बंद. म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या चाकाची ही कुरकुर नव्हे, जोराशी तिचा संबंध आहे. मग साखळी? आमच्या साखळीला ११० कड्या, आणि चढावर आम्ही वापरतो त्या पुढच्या चक्राला ३४ दाते. एखादी कडी आखडलेली असती, तर पायडलांच्या सुमारे सव्वातीन फेऱ्यांनी एकदा ती बोलली असती. हा आवाज तर प्रत्येक फेरीत दोनदा, उजवा पाय दाबताना आणि डावा पाय दाबतानाही. त्यामुळे एकाच पायडलावरचा संशयही फिटला. संशयितांची यादी अशी आखडत गेल्याचा आनंद काय सांगावा! चौकशी अधिकाऱ्याच्या नशिबी तो क्वचितच येतो.

एवढी टिपणे घेऊन आम्ही पलटण बाजाराजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी प्रथम दोन्ही क्रँक धरून आडवे हलवून पाहिले; खेळ मुळीच नव्हता. मग आम्हांस मागचा ब्रेक घट्ट दाबून धरावयास सांगून स्वतः एका पायाने पायडलावर भार दिला. टक्! उभ्या सायकलीतून तोच आवाज. आमचे डोळे पायडलांकडे, पण मिस्त्रींचे बोट एकेका सांध्यावर फिरत मागे गेले. मागचे चाक सांगाड्याच्या खाचेत जेथे बसते तेथे ते थांबले.

"साहब, यहाँ हाथ रखिए," ते म्हणाले.

आम्ही बोट टेकविले. पुन्हा भार, पुन्हा टक्; आणि ह्या वेळी तो ठोका कानाआधी बोटाला कळला. साखळीच्या प्रत्येक ओढीसरशी आसाचे कोरडे टोक खाचेत केसभर सरकत होते. मिस्त्रींनी चाक काढले, दोन्ही खाचा व आसाची टोके पुसली, ग्रीसचे पुसट बोट फिरविले आणि चाक सरळ बसवून खटका घट्ट आवळला. तडा कोठेच नव्हता. मजुरी पन्नास रुपये. बॉटम ब्रॅकेटला हातही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे राजपूरच्या पुढचा तोच चढ आम्ही गुडघ्यांची समजूत घालीत चढलो. सायकल निमूट होती. मग कार्यभार सोपवितात तशा थाटात, केलेल्या चाचण्या कागदावर लिहून, आम्ही ती सातारकराच्या स्वाधीन केली.

आठवड्याने मसुरीच्या लायब्ररी चौकातून त्याचा दूरध्वनी आला.

"सर, आवाज येतोय," तो धापा टाकीत म्हणाला, "पण माझ्या छातीतून."