मुनिरक्याहून मोझांबिकपर्यंत

वाचकहो, दिल्लीस आलात म्हणजे लाल किल्ला आणि कुतुबमिनार आपण पाहालच. परंतु एखादी संध्याकाळ मुनिरक्यासाठी राखून ठेवा. शहराच्या दक्षिण भागातील हे मूळचे टोकस गोत्राच्या जाटांचे गाव. राजधानी वाढत गेली तशी गावची शेते नव्या वसाहतींखाली गेली. गाव मात्र जागच्या जागी राहिले. आज तेथील अरुंद गल्ल्यांत चार-चार, पाच-पाच मजली घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांतील लहान लहान खोल्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षणासाठी व नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी भाड्याने राहतात. आफ्रिका खंडातून आलेले विद्यार्थीही त्यांत आपणांस भेटतील.

गावाला लागूनच जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे. तेथे शिकविल्या जाणाऱ्या परकीय भाषांत पोर्तुगीज ही एक होय. ही भाषा आपणांस वाटते तितकी परकी नाही. बटाटा, पाव, चावी, पगार हे आपले नित्याचे शब्द तिच्याकडूनच आले. ज्या राजवटीबरोबर हे शब्द आपल्या किनाऱ्यास लागले, तिच्याच अमलाखाली समुद्रापलीकडील एक देश पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तो देश म्हणजे मोझांबिक. त्याचा इतिहास मराठी वाचकाने मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे, कारण त्याची कित्येक पाने गोव्याच्या इतिहासाशी शिवलेली आहेत.

१४९८ च्या मार्चमध्ये वास्को द गामाची जहाजे मोझांबिक बेटास लागली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती कालिकतला पोहोचली. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला आणि तेथून आपला पूर्वेकडील कारभार चालविला. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारही गोव्याच्या व्हाइसरॉयच्याच हाताखाली होता. दीवचे व्यापारी तिकडे कापड पाठवीत आणि हस्तिदंत आणीत. झांबेझी नदीच्या खोऱ्यातील विस्तीर्ण जमिनी काही गोमंतकीयांच्याही हाती आल्या. म्हापशास जन्मलेला मानुएल आंतोनियो द सौझा एकोणिसाव्या शतकात तेथे स्वतःची फौज बाळगून होता. आपली माणसे तेव्हा केवळ जितांच्या बाजूस नव्हती, हेही आपण प्रांजळपणे लक्षात ठेवावे.

त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या वाट्यास मात्र दुःखच आले. असंख्य माणसे गुलाम म्हणून ब्राझीलकडे नेली गेली. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर वेठबिगार आली. विसाव्या शतकात शेतकऱ्यांना घरच्या धान्याऐवजी सक्तीने कापूस पिकवावा लागे आणि तो ठरवून दिलेल्या अल्प भावात विकावा लागे. १९५१ मध्ये सालाझारच्या सरकारने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नवे नाव दिले. नाव बदलले, जाच बदलला नाही. गोव्यालाही तेच नाव मिळाले होते.

ऑक्टोबर १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींच्या प्रश्नावर दिल्लीत एक परिसंवाद भरला. आफ्रिकेतील स्वातंत्र्यचळवळीचे नेते त्यास आले होते. दोनच महिन्यांनी, १९ डिसेंबर रोजी, गोवा मुक्त झाला. आपल्याकडे आनंदोत्सव झाला; परंतु त्या आनंदाची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. मोझांबिकमध्ये पिढीजात दुकाने चालविणाऱ्या भारतीय नागरिकांना पोर्तुगीज सरकारने छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि अनेकांना देशाबाहेर घालविले. गोवा मुक्तिसंग्रामातील मोहन रानडे यांनाही लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटावयास १९६९ साल उजाडावे लागले.

१९६२ मध्ये एदुआर्दो मोंडलाने यांच्या नेतृत्वाखाली ‘फ्रेलिमो’ ही संघटना स्थापन झाली. १९६४ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. १९६९ मध्ये टपालाने आलेल्या बाँबने मोंडलाने यांचा बळी घेतला आणि पुढे सामोरा माशेल यांनी धुरा उचलली. या लढ्याच्या सल्लागारांत आकिनो द ब्रागांसा हे एक गोमंतकीय विद्वान होते. ज्या गोव्यातून एकेकाळी मोझांबिकवर हुकमत चालली, त्याच गोव्याचा हा पुत्र त्या देशाच्या मुक्तीसाठी झटला.

२५ एप्रिल १९७४ रोजी खुद्द पोर्तुगालमध्येच सैनिकांनी हुकूमशाही उलथून टाकली. आफ्रिकेतील युद्धांनी ते थकले होते. त्या एका क्रांतीने दोन गाठी सुटल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला.

परंतु वाचकहो, ध्वज चढविला म्हणजे प्रजासत्ताक उभे राहत नाही. नव्या राष्ट्रात एकाच पक्षाची सत्ता आली आणि १९७७ पासून यादवी युद्ध पेटले. शेजारच्या गोऱ्या राजवटींनी त्यात तेल ओतले. युद्ध आणि दुष्काळ मिळून सुमारे दहा लाख माणसे दगावली. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी विमान कोसळून माशेल मृत्यू पावले. आकिनो द ब्रागांसाही त्याच विमानात होते. अखेर १९९० मध्ये अनेक पक्षांना वाव देणारी राज्यघटना आली, १९९२ मध्ये रोम येथे तह झाला आणि १९९४ मध्ये लोकांनी रांगा लावून मतदान केले. आजही सारे सुरळीत नाही. उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांत २०१७ पासून हिंसाचाराने होरपळतो आहे आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर मोठा असंतोष उसळला. तथापि मतपेटीवरील लोकांचा हक्क आता तेथे कोणी उघडपणे नाकारू शकत नाही.

जेत्यांची पोर्तुगीज भाषाच स्वतंत्र मोझांबिकने राजभाषा म्हणून ठेवली, कारण मखुवासारख्या अनेक मातृभाषा बोलणाऱ्या लोकांना परस्परांशी बोलावयास एक भाषा हवी होती.

आज रात्री घरातील मुलांना जवळ बसवून नकाशा उघडा. पणजीवर बोट ठेवा आणि समुद्र ओलांडून नैर्ऋत्येस आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत ते न्या. आणि पुढे कधी मुनिरक्याच्या गल्लीत त्या किनाऱ्याकडचा एखादा विद्यार्थी आपणांस भेटला, तर त्यास परका समजून पुढे जाऊ नका. थोडे थांबा, त्याच्या गावाची विचारपूस करा आणि आपल्या गोव्याची गोष्ट त्यास सांगा.