एका रुपयाची ट्रायल

खराडीत इऑन आयटी पार्कच्या आसपास डिजिटल मार्केटिंगची लहानमोठी ऑफिसं आहेत. त्यातल्या एकात मी अफिलिएट मोहिमांचे हिशेब बघायचे. ॲपची लिंक कुणी यूट्यूबवर टाकायचं, कुणी टेलिग्रामवर, कुणी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लिंकवरून आलेल्या माणसाने काय केलं की लिंकवाल्याला किती द्यायचे, हे आमच्या शीटमध्ये असायचं. विक्रीवर टक्केवारी मिळते हे बहुतेकांना माहीत असतं. ट्रायलच्या मोहिमेत मात्र समोरच्याने ऑटोपेला, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला, मंजुरी दिली की लिंकवाल्याचे पैसे पक्के. पुढे त्याने ॲप उघडलं का, त्याला ते आवडलं का, याला शीटमध्ये रकानाच नव्हता. ट्रायलच्या नावाखाली होणाऱ्या गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं.

शेजारच्या काकू एकदा पासबुक घेऊन आल्या. "अगं, पेन्शनमधून दर महिन्याला पाचशेच्या आसपास कुठे जातात, बघ बरं जरा." भाचीने पाठवलेल्या लिंकवरून त्यांनी योगासनांचं ॲप घेतलं होतं. "पण ते तर मी कधीच काढून टाकलं!"

ॲप काढलं तरी मँडेट, म्हणजे कपातीची मंजुरी, राहतं. मी तीच लिंक माझ्या फोनवर उघडली. मोठं हिरवं बटण, त्यावर '७ दिवस फक्त ₹१'. खाली फिकट करड्या, बारीक अक्षरांत 'त्यानंतर दरमहा ₹४९९'. बटण दाबलं की थेट यूपीआयचं पान. काकूंच्या समजुतीने त्यांनी पिन टाकला तो एका रुपयासाठी. मंजुरी गेली दरमहाच्या कपातीला. २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा पुढच्या कपातींना पुन्हा पिन लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी निदान २४ तास सूचना यावी लागते. काकूंना ती आलीही होती, इंग्रजीत, कर्जाच्या आणि सेलच्या मेसेजांच्या ढिगात. नियम चांगलाच आहे, पण खातेदार जी भाषा वाचतो त्या भाषेत सूचना यायला हवी, असं मला फार वाटतं.

मँडेट बंद करायला कंपनीच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा भाग असतो, तिथून ते रद्द करता येतं. काकूंनी स्वतःच बटण दाबलं, पिन टाकला. त्या यादीत आणखी एक मँडेट निघालं, गाण्यांच्या ॲपचं, तेही गेलं. मग आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ 'डार्क पॅटर्न'ना मनाई केली, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे. फुकट सेवेसाठी ऑटो-डेबिटची मंजुरी द्यायला भाग पाडणं त्यातच मोडतं. एक रुपया घेतला की ते 'फुकट' राहत नाही, अशी पळवाट कुणी काढेल. ती बंद व्हायला हवी. कंपनीने शेवटच्या महिन्याचे पैसे परत केले, आधीचे नाही.

कमिशनसाठी होणारी दिशाभूल काही आपल्याकडेच घडते असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०११ साली असाई बेरीच्या वजन घटवण्याच्या उत्पादनांसाठी खोट्या बातम्यांच्या साइट चालवणाऱ्यांवर खटले भरले. त्या साइट चालवणारे अफिलिएटच, म्हणजे लिंकवालेच, होते.

काकूंच्या भाचीला मी फोन केला. ती कॉलेजात शिकते, फीला हातभार म्हणून लिंका टाकते. "ताई, पैसे कापतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं. लिंकवाल्यांना पाठवायच्या माहितीत कमिशनचा आकडा वर असतो आणि कपातीचा उल्लेखही नसतो. कमिशन मिळत असेल तर ते उघड सांगायचं, असं सरकारने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी स्पष्ट केलं आहे, हे मी तिला सांगितलं. आता तिच्या पोस्टमध्ये पहिल्याच ओळीत असतं: 'या लिंकवर मला कमिशन मिळतं. आठव्या दिवशी ₹४९९ कापले जातील. नको असेल तर आधीच ऑटोपे बंद करा.' क्लिक बरेच कमी झालेत, असं ती सांगते. पोस्ट मात्र तिने तशीच ठेवली आहे.