खाडीपलीकडची चूल

कळंबोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पुण्याला जाताना लागणारा तो मोठा चौक, लोखंड बाजारातल्या ट्रकांच्या रांगा आणि धूळ! खरं सांगते, मुद्दाम पाहायला यावं असं हे गाव नव्हे. पण माझं सासर इथलं आणि माहेर चेंबूरचं. त्यामुळे सायन-पनवेल रस्त्यावर बसच्या खिडकीतून जे वर्षानुवर्षं पाहत आले, ते आज तुम्हांला दाखवायचं आहे.

कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ मागं पडलं की वाशीचा खाडीपूल येतो. मुंबईकडे जात असाल तर डावीकडे बघा. खारफुटीच्या पलीकडे टेकडी दिसते ना, ती ट्रॉम्बेची. तिच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ 1956 च्या ऑगस्टमध्ये तिथंच सुरू झाली. आत आपल्याला कोण सोडतंय म्हणा! पण तिथं जे चालतं त्याचा आपल्या घरच्या दिव्याशी संबंध आहे.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मध्यंतरी शिक्षकांच्या खोलीत एकीनं मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला: ‘भारताकडे थोरियमचा प्रचंड साठा, आता वीज जवळजवळ फुकट!’ सगळ्या खूश. विजेचं बिल कुणाला आवडतं? पण हे थोरियम म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येईना.

मैत्रिणींनो, थोरियम तुमच्या आईनं नक्की पाहिलंय. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या असत, आठवतं? तिच्यातली ती पांढरी जाळीची पिशवी, म्हणजे मेंटल, थोरियमच्या क्षारात भिजवलेली असे. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाई आणि राहिलेली राखेची जाळी लख्ख उजेड देई. बोट लागलं की भुगा! ती राख थोरियमचीच. अशा मेंटलसाठी लागणारा थोरियमचा क्षार ट्रॉम्बेलाच 1955 पासून तयार होऊ लागला.

कच्चा माल यायचा केरळच्या किनाऱ्यावरून. तिथल्या वाळूत मोनाझाइट नावाचं जड खनिज आहे. 1909 साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला ते सापडलं, तेही काथ्याला चिकटून आलेल्या वाळूत! आज सरकारी मोजणीप्रमाणे देशात सुमारे 1 कोटी 30 लाख टन मोनाझाइट आहे आणि त्यात दहा लाख टनांच्या आसपास थोरियम. केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा यांचा त्यात मोठा वाटा. आपल्या कोकणकिनाऱ्याच्या वाट्याला चिमूटभर.

मग घोडं अडलं कुठं? अहो, थोरियम म्हणजे ओलं लाकूड. काडी लावून ते पेटत नाही. आधी दुसरी चूल धडधडती हवी, हे लाकूड तिच्याशेजारी वाळायला ठेवायचं. अणुभट्टीतले न्यूट्रॉन शोषून थोरियमचं हळूहळू युरेनियम-233 होतं, आणि ते मात्र जळतं. डॉ. होमी भाभांनी 1954 मध्येच तीन चुली सांगितल्या होत्या. पहिली साध्या युरेनियमची, तिच्या राखेतून प्लुटोनियम काढायचं. दुसरी त्या प्लुटोनियमची, जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणारी. आणि तिसरी थोरियमची. पहिली देशात ठिकठिकाणी पेटली आहे. दुसरीसाठी कल्पाक्कमला 500 मेगावॉटची भट्टी उभारली, तीच ठरल्यापेक्षा कित्येक वर्षं रेंगाळली.

आणि तिसरी? थोरियमपासून मिळालेल्या इंधनावर चालणारी छोटी ‘कामिनी’ भट्टी 1996 मध्ये कल्पाक्कमलाच सुरू झाली. तिची ताकद 30 किलोवॉट, म्हणजे तुमच्या-आमच्या न्हाणीघरातले पंधरा गीझर! ती विजेसाठी नव्हेच, प्रयोगासाठी. थोरियमवरच्या मोठ्या भट्टीचा आराखडा ट्रॉम्बेला तयार आहे, पण तो अजून कागदावर.

यात आमच्या शास्त्रज्ञांचा आळस नाही, असं माझं मत. युरेनियम-233 बरोबर युरेनियम-232 ही येतं आणि काही दिवसांतच त्यातून फार भेदक किरण निघू लागतात. ते इंधन हातात धरून घडवता येत नाही. जाड भिंतीआड बसून, यंत्राच्या हातांनी सगळं करावं लागतं. खर्च वाढणारच. ‘फुकट वीज’ म्हणणाऱ्यानं ही भिंत पाहिलेली नाही.

हे सगळं मी खोलीत सांगितलं तेव्हा त्या मैत्रिणीनं विचारलं, “मग कधी गं?” सरकारचंच म्हणणं असं, की दुसऱ्या प्रकारच्या भट्ट्या व्यापारी तत्त्वावर चालू लागल्या, की त्यानंतर तीन-चार दशकांनी थोरियम मोठ्या प्रमाणावर वापरता येईल. माझी मुलगी आठवीत आहे. तेव्हा ती जवळजवळ माझ्या आईच्या आजच्या वयाची झालेली असेल.

“अगं बाई!” म्हणत मैत्रिणीनं तो मजकूर पुसला आणि त्याच मोबाइलवर महिन्याचं बिल भरलं.