ओलीवरचे गाव

ज्या गावाला ना किल्ला ना डोंगर, त्याचा इतिहास वाचायचा तरी कुठे? आमच्या तीर्थपुरीपुरते विचाराल, तर घरातल्या जुन्या ट्रंकेत!

आजोबांचे कागद उर्दूत आहेत. कारण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, तो माझ्या दाखल्यावर चढला. आज मी मुलांचे दाखले लिहितो, त्यांवर तालुका घनसावंगी. पत्ता असा बदलत राहिला. गाव मात्र तसूभर हलले नाही.

हलणार तरी कसे? त्याच्या बुडाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्ह्याचा खडक आहे आणि त्याचीच झीज होऊन झालेली काळी माती. ही माती मोठी मानी! पावसाळ्यात पाय सोडत नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा दाखवते. पैठणचे जायकवाडी धरण 1976 साली झाले आणि त्याचा डावा कालवा या भागातून पुढे परभणीकडे गेला. जिथे पाणी पोचले तिथे ऊस. जिथे नाही तिथे डोळे आभाळाकडे. एकाच शिवारात दोन भूगोल!

माणसे मात्र हलतात. आमच्याच तालुक्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेले समर्थ रामदास लहानपणीच घर सोडून गेले. आज माझे विद्यार्थी पुण्याला जातात. त्यांना वाट दाखवतो मीच, आणि त्यांच्या कुलूप लागलेल्या घरांवरून रोज शाळेत जातो तोही मीच.

दिवाळीला ती मुले येतात. तेव्हा कापसाची वेचणी चाललेली असते आणि शेजारच्या रानात शाळूचे कोंब वर आलेले असतात. पाऊस तर केव्हाच सरलेला. कोरडवाहू रानातला हा शाळू, मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवरच कणसाला येतो.

गावाचेही तसेच आहे. पोरांनो, वर्षाकाठी चार दिवस का होईना, येत जा. तेवढी ओल पुरवून पुरवून वापरायची या मातीला सवय आहे.